सैन्याने काढून टाकलेल्या जुन्या रायफली संग्राहकांना पुढेही मिळत राहतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत राहता, नुकतंच ग्रीन कार्ड हातात आलंय, दोन्ही महायुद्धांच्या काळातल्या सैनिकी रायफली जमवायची इच्छा आहे, पण भाव चढताना दिसतायत. तेव्हा आत्ताच घ्याव्यात, की नवा माल येईल म्हणून थांबावं?

थांबू नका. मी ओहायोत राहतो आणि सतरा-अठरा वर्षं हा नाद जपतोय. नवा माल अधूनमधून येईल, पण पूर्वीसारखी रेलचेल आता होणार नाही. कारण नीट समजून घ्या, कारण बाजारात लोक तुम्हाला ‘थांबा, अमुक देशाचं गोदाम उघडणार आहे’ असं सांगत राहतील.

लोकांना वाटतं की सैन्य नवी रायफल घेतं, जुनी विकतं, मग हे चक्र कायम चालूच राहील. ते चक्र 1950-60 च्या दशकांतच तुटलंय. तोवर बहुतेक सैन्यांकडे बोल्टच्या रायफली होत्या, म्हणजे दर गोळीला खीळ हाताने मागेपुढे करायची: ली-एनफिल्ड, माउझर, मोसिन-नागां. काहींकडे गॅरंडसारख्या अर्धस्वयंचलित होत्या. घोडा एकदा दाबला की एकच गोळी. त्या नागरिकाला विकता येत होत्या. त्यानंतर आल्या एके-47, एम-14, जी-3, एम-16. यांत खटका फिरवला की घोडा दाबलेला असेपर्यंत गोळ्या सुटत राहतात. अमेरिकेच्या कायद्यात अशी रायफल म्हणजे मशीनगन, आणि 19 मे 1986 नंतर नोंदलेली कुठलीही मशीनगन सामान्य नागरिकाला घेता येत नाही. वर नियम असा की एकदा मशीनगन ठरलेली वस्तू नंतर कितीही बदल केला तरी मशीनगनच. म्हणून एम-14 सारखी देखणी, लाकडी दस्त्याची रायफल सैन्याने लाखोंच्या संख्येने 1990 च्या दशकात चिरडून टाकली. संग्राहकांच्या हाती जवळपास काहीच गेलं नाही. याचं मला आजही मनापासून वाईट वाटतं.

म्हणजे जे विकता येण्यासारखं होतं ते बहुतेक साठ-सत्तर वर्षांपूर्वीच बनून संपलंय. आज एखादं सैन्य आपली रायफल बदलतं तेव्हा संग्राहकाला त्यातून काहीच मिळत नाही.

मग इतकी वर्षं माल आला कुठून? गोदामांतून. आणि तो कधी येणार, कधी अडणार हे कायद्याने ठरवलं. 1963 मध्ये केनेडींची हत्या ज्या इटालियन कारकानो रायफलीने झाली, ती शिकागोच्या दुकानातून टपालाने मागवलेली सरप्लस, म्हणजे सैन्याने काढून टाकलेली रायफल होती. त्या हत्येनंतरच्या वादातून 1968 चा कायदा आला, त्याने टपालविक्री संपवली आणि परदेशी सैनिकी शस्त्रांची आयातही बंद केली. 1984 मध्ये ‘क्युरिओ अँड रेलिक’ म्हणजे संग्रहमूल्याच्या जुन्या शस्त्रांना आयातीची मुभा मिळाली आणि दार पुन्हा उघडलं. मग सोव्हिएत संघ कोसळला आणि पूर्व युरोपातल्या गोदामांतला माल लोटला. 2009 साली मी मोसिन-नागां 89 डॉलरला घेतली. संगीन, पट्टा, तेलाची डबी, सगळं सोबत. पेटी उघडली तेव्हा रायफल दिसतच नव्हती, नुसता काळपट तपकिरी मेणचट ग्रीसचा लगदा. गरम पाणी आणि जुने पंचे घेऊन दोन दिवस बसलो होतो. आज तीच रायफल 400 डॉलरच्या खाली सहसा दिसत नाही.

तो ओघ एकेका बाजूने आटत गेला. चीनची आयात 1994 पासून बंद. रशियावर 2014 पासून निर्बंध, आणि 2021 पासून तिथल्या शस्त्रांना आणि गोळ्यांना नवे आयात परवानेच मिळेनात. 2001 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा एक कृती-कार्यक्रम ठरला, त्यात सैन्याकडची जादा शस्त्रं शक्यतो नष्टच करावीत असं म्हटलंय. अवैध बाजारात शस्त्रं जाऊ नयेत हा हेतू मला पूर्ण पटतो. पण शंभर वर्षांची बोल्टची रायफल आणि चोरवाटेने फिरणारी एके-47 एकाच भट्टीत टाकणं मला पटत नाही.

अमेरिकेच्या स्वतःच्या रायफलींची गोष्ट वेगळी. एम-1 गॅरंड 1936 मध्ये सैन्यात आली, पन्नास लाखांहून जास्त बनल्या, आणि मित्रदेशांना ढिगाने दिल्या गेल्या. त्या परत आल्या की नागरिकांना विकण्याचं काम सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम, म्हणजे सीएमपी करतं. नेमबाजीच्या प्रसारासाठी 1903 मध्ये सुरू झालेलं हे सरकारी काम 1996 मध्ये स्वतंत्र संस्थेकडे गेलं. तिची दुकानं अलाबामात ॲनिस्टनला आणि आमच्या ओहायोत कॅम्प पेरीला. काही वर्षांपूर्वी फिलिपिन्स आणि तुर्कस्तानातून मिळून लाखाच्या आसपास गॅरंड परत आल्या. पण माल बघाल तर कळेल: अनेकींचं लाकूड कुजलेलं, नळ्या झिजलेल्या, त्यामुळे कित्येक नव्या नळीवर आणि नव्या दस्त्यावर विकल्या जातायत. दक्षिण कोरियाचं उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडी असतं. 2009 मध्ये त्यांनी सुमारे 87,000 गॅरंड विकायला काढल्या, अमेरिकी सरकारने आधी होकार दिला, 2010 मध्ये तो मागे घेतला, आणि 2013 मध्ये तर खासगी आयातदारांना अमेरिकी बनावटीची सैनिकी शस्त्रं परत आणू न देण्याचं धोरणच जाहीर झालं. ‘कोरियाचा माल येणार’ हे वाक्य मी तेव्हापासून ऐकतोय. त्याच्या भरवशावर थांबलेल्या माझ्या दोन मित्रांनी पुढे जवळपास दुप्पट पैसे मोजले.

अनपेक्षित साठे मात्र सापडतात. 2003 मध्ये काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातला शस्त्रसाठा अमेरिकी व्यापाऱ्यांनी उचलला, त्यात मार्टिनी-हेन्रीपासून नेपाळने स्वतः बनवलेल्या गहेंद्र रायफलीपर्यंत हजारो नग होते. अलीकडे इथिओपियातून कारकानो आणि माउझर आल्या. असे साठे आणखीही निघतील. पण तो माल बहुधा गंजलेला, तुटका, सुटे भाग काढण्यालायक असतो आणि तरी भाव चढाच.

तुमच्यासाठी काही ठोस गोष्टी. ग्रीन कार्डावर तुम्ही रीतसर रायफल घेऊ शकता, पण सीएमपीकडून नाही, तिथे नागरिकत्वाचा पुरावा लागतो. एच-1बी वगैरे व्हिसावर असलेल्यांना तर सर्वसाधारणपणे बंदूक बाळगणंच निषिद्ध आहे, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडून. तुमच्या जागी मी आधी संग्राहकाचा केंद्रीय परवाना काढला असता, तीन वर्षांना 30 डॉलर. पन्नास वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपातलं शस्त्र मग दुसऱ्या राज्यातूनही थेट घरी मागवता येतं. आपल्या राज्याचा कायदा मात्र आधी वाचा. न्यू जर्सीत एम-1 कार्बाइन नाव घेऊन बंदी घातलेल्या यादीत आहे, तिथे केंद्रीय परवाना कामाचा नाही.

आता यापुढे खरा माल येणार तो गोदामांतून नाही, घरांतून. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांनी संग्रह केले ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्या पश्चात मुलं लिलाव करतात. मी गेल्या पाच वर्षांत घेतलेलं जवळपास सगळं अशा घरगुती लिलावांतलं आहे. तिथे रायफलीबरोबर कधीकधी तिची हकिगत मिळते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. माझ्याकडे एक स्विस के-31 आहे. तिच्या दस्त्याच्या टोकाची पट्टी दोन स्क्रू काढून उघडली की आत घडी घातलेली चिठ्ठी: सैनिकाचं नाव आणि त्याची तुकडी. पट्टी मी परत तशीच बसवली, चिठ्ठी तिच्या जागी आहे.

आणि एक इशापूरची, म्हणजे बंगालमधल्या सरकारी रायफल कारखान्यातली. हिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तुम्ही पहिली कोणती घ्यावी असंही विचारलंय.

माझे वडील दौंडला एसआरपीत, म्हणजे राज्य राखीव पोलिस दलात होते. उभी नोकरी थ्री नॉट थ्री, म्हणजे .303 ची ली-एनफिल्ड खांद्यावर. इथल्या एका प्रदर्शनात इशापूरची रायफल मिळाली, घोड्यामागच्या निमुळत्या भागावर अशोकाची सिंहमुद्रा, खाली 1968. रात्री व्हिडिओ कॉलवर वडिलांना दाखवली. ते चष्मा लावून फोनजवळ आले आणि लगेच म्हणाले, “ही आमची नाही रे. हिचं मॅगझिन चौकोनी आहे.” बरोबर होतं. 1962 च्या चीन युद्धानंतर इशापूरने ली-एनफिल्डचाच साचा घेऊन 7.62 मिमी गोळीची 2ए आणि 2ए1 काढली, त्यांचं मॅगझिन बारा गोळ्यांचं, कोनदार. मग म्हणाले, “बोल्ट काढ. दांडीवरचा नंबर वाच, आता बॉडीवरचा वाच.” दोन्ही जुळले तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. आमच्यात बोल्ट अदलाबदल झाला की आर्मरर, म्हणजे शस्त्रं सांभाळणारा, सगळ्या प्लाटूनला उभं करायचा, म्हणाले.

भारतात वडिलांना त्यांची थ्री नॉट थ्री घरी ठेवता आली नसती. .303 तिकडे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणून तर नागरिकांसाठी त्याच घडणीची .315 बनवली जाते, जिच्यात सैनिकी गोळी बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला बंदुकाही तीनऐवजी दोनच. 26/11 ला सीएसएमटीवर आपल्या पोलिसांच्या हातात हीच थ्री नॉट थ्री होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला 2020 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला. त्यातली एकही संग्राहकाकडे रीतसर पोचायची वाट नाही. म्हणून बाहेर पूर्वीच आलेल्या ज्या आहेत त्या जपणं मला महत्त्वाचं वाटतं, आणि मराठी माणसाने पहिली रायफल घ्यायची तर इशापूरचीच घ्यावी असं माझं मत आहे.

घेताना पुढच्या लाकडाला आरपार गेलेला स्क्रू बघा, ती इशापूरची खूण. लाकूड कापून शिकारी रायफल केलेली असेल तर स्वस्त मिळाली तरी सोडा. नळीत दिवा धरून खोबणी स्वच्छ दिसतात का पाहा. दस्त्यातल्या झाकणाखाली तेलाची बाटली आणि पुल-थ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी असेल तर विक्रेत्याला वेगळे काढू देऊ नका. बोल्टचे नंबर जुळवा, आणि जुळले तरी पहिली गोळी भरण्याआधी जाणत्या कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि नळीत बसलेली गोळी यांच्यातली जागा, मोजून घ्या. त्याला गेज घालून बघायला दहा मिनिटं लागतात.