पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक (पीजी अँड ई) या कंपनीकडे गॅस आणि वीज दोन्ही कशी आली? तिचा इतिहास काय आहे?

उत्तर कॅलिफोर्नियातील बहुतेक मराठी घरांत गॅस आणि वीज यांचे मिळून एकच बिल येते, तेव्हा हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. ही कंपनी कोणी एकाने उभी केलेली नाही. शेकडो लहानमोठ्या कंपन्या एकमेकींत विलीन होत होत ती घडली आहे.

सुरुवात गॅसची. पीटर डोनाह्यू या कारखानदाराने १८५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को गॅस कंपनी काढली आणि फेब्रुवारी १८५४ मध्ये दगडी कोळशापासून मिळवलेल्या गॅसवर शहरातील रस्त्यांवरचे दिवे लागले. त्याच शहरात १८७९ मध्ये कॅलिफोर्निया इलेक्ट्रिक लाइट कंपनीने दोन डायनामो (वीज निर्माण करणारी यंत्रे) बसवून २१ आर्क दिव्यांपुरती (दोन कांड्यांमधल्या विजेच्या ज्योतीने पेटणाऱ्या प्रखर दिव्यांपुरती) वीज विकायला काढली. भाडे दर दिव्यामागे आठवड्याला १० डॉलर, आणि वीज फक्त सूर्यास्तापासून मध्यरात्रीपर्यंत! एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू व्हायला तेव्हा आणखी तीन वर्षे अवकाश होता. गॅस आणि वीज या दोन्ही कंपन्यांचा धंदा उजेड विकण्याचा असल्यामुळे चुरस अटळ होती. अखेर १८९६ मध्ये गॅस कंपनी आणि त्या वीज कंपनीची वारसदार कंपनी एकत्र आल्या.

दुसरा प्रवाह डोंगरातून आला. सोन्याच्या खाणींसाठी कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतरांगेत खोदलेले पाण्याचे पाट उद्योजक जॉन मार्टिन आणि यूजीन द सब्ला यांनी जलविद्युतनिर्मितीसाठी वापरात आणले आणि १९०१ मध्ये कोलगेट या डोंगरातल्या वीजकेंद्राची वीज सुमारे १४० मैलांवरच्या, सॅन फ्रान्सिस्कोशेजारच्या ओकलंड शहरापर्यंत नेली. त्या काळी हे फार मोठे धाडस होते. हे दोन्ही प्रवाह १९०५ मध्ये मिळाले आणि आजची कंपनी स्थापन झाली.

विलीनीकरणाची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. १९३० मध्ये ग्रेट वेस्टर्न पॉवर ही कंपनी ताब्यात आली, तेव्हा तिने उभारलेली कॅरिबू-पालेर्मो ही उच्चदाब वाहिनीही सोबत आली. त्या वाहिनीच्या एका मनोऱ्यावर विजेची तार पेलून धरणारा लोखंडी आकडा होता. सरकारी तपासानुसार तो १९१९ च्या सुमारास ५६ सेंटला घेतलेला होता आणि वाऱ्याने हलून हलून झिजत गेला होता. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी तो तुटला, तार मनोऱ्याला लागून ठिणग्या उडाल्या आणि पेटलेल्या वणव्यात उत्तर कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव बेचिराख होऊन ८५ माणसे गेली. त्याआधी २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो येथे १९५६ साली टाकलेली गॅसवाहिनी फुटून आठ जणांचा बळी गेला होता; कंपनीच्या दप्तरी तो नळ बिनसांध्याचा असल्याची नोंद होती, प्रत्यक्षात त्याला सदोष जोड होता. जुनी मालमत्ता हाती घेणे सोपे असते, तिचे वय आणि स्थिती यांची खरी नोंद ठेवणे हे या कंपनीला जमले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वणव्याच्या भरपाईचे दावे उभे राहिल्यावर जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जून २०२० मध्ये तिने त्या ८५ मृतांपैकी ८४ जणांच्या सदोष मनुष्यवधाचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि पुढच्या वर्षी वणव्याचा धोका असलेल्या भागांतील १०,००० मैल तारा जमिनीखालून नेण्याची घोषणा केली.