डिजिटल तंत्रज्ञानामुळे एचआरमधील करिअर कसे बदलत आहे? आता या क्षेत्रात यावे का?

मनुष्यबळ व्यवस्थापनाचे शिक्षण घेत असताना कोणते सॉफ्टवेअर शिकावे आणि पुढील दहा वर्षांत या क्षेत्रात नोकऱ्या उरतील का, असे तुम्ही विचारले आहे. सॉफ्टवेअर कोणतेही शिका, महिनाभरात हात बसतो आणि तीन वर्षांत कंपनी ते बदलते; एक्सेल मात्र मनापासून शिका. दुसऱ्या प्रश्नावर माझा स्वर थोडा तिखट होईल, कारण "आता माणसे ओळखणाऱ्यांची नव्हे, आकडे वाचणाऱ्यांची गरज आहे" हे वाक्य एका वरिष्ठांनी भर बैठकीत माझ्याकडे पाहून उच्चारले होते आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

आमच्या कामातला कारकुनी भाग यंत्राकडे जाणार, हे नवीन नाही. ब्रिटनमधील जे. लायन्स या खाद्यपदार्थांच्या कंपनीने बांधलेला लिओ संगणक १९५१ मध्ये व्यावसायिक कामाला लागला आणि काही वर्षांतच कर्मचाऱ्यांचे पगार काढू लागला. पगार, हजेरी, रजा, मुलाखतींच्या वेळा जुळवणे, कागदपत्रे तपासणे, हे सगळे गेले किंवा जाणार आहे आणि मला त्याचे दुःख नाही. वाद आहे तो अर्ज कोणी वाचायचे यावर.

आमच्या कंपनीने अर्ज छाननीची प्रणाली घेतली, तेव्हा पेरोल म्हणजे पगार काढणाऱ्या विभागातील एक अनुभवी जागा रिकामी होती. चारशेच्या आसपास अर्ज आले, प्रणालीने त्यांतले सात पुढे पाठवले आणि त्या सातांपैकी एकही जण रुजू झाला नाही. तीन महिने जागा रिकामीच राहिली. बाजारात योग्य माणसेच नाहीत, असा निष्कर्ष वरिष्ठांनी डॅशबोर्डवरून काढला. नाकारलेल्या अर्जांची यादी मी मागितली, तेव्हा "ती पाहायचीच असेल तर प्रणाली कशाला घेतली?" असे उत्तर मिळाले. व्हेंडरच्या, म्हणजे प्रणाली विकणाऱ्या कंपनीच्या, माणसाला चार वेळा फोन केल्यावर ती अखेर हाती आली, आणि दुसऱ्याच पानावर आमच्याच एका माजी सहकारी बाईंचे नाव दिसले. वडिलांच्या आजारपणासाठी त्यांनी नोकरी सोडली होती आणि त्यांचे कार्यमुक्तीचे पत्र मीच काढले होते. ज्या पद्धतीने आम्ही पगार काढत होतो, ती पद्धत त्यांनीच लिहून ठेवलेली होती. त्यांचा अर्ज ज्या मिनिटाला आला, त्याच मिनिटाला नाकारला गेला होता, कारण नोकरीत सहा महिन्यांपेक्षा मोठा खंड असल्यास अर्ज बाद करावा, असा नियम प्रणालीत घातलेला होता.

मी ती यादी घेऊन तावातावाने वरिष्ठांकडे गेलो. त्यांनी शांतपणे एक फॉर्म पुढे सरकवला. निकष ठरवण्याच्या त्या फॉर्मवर खंडाच्या रकान्यात खूण होती आणि खाली सही माझी होती. मी घाईत सगळ्याच रकान्यांवर खुणा केल्या होत्या. "प्रणाली चुकलेली नाही, तुम्ही सांगितले तेच तिने केले," असे ते म्हणाले, आणि एवढ्यापुरते ते बरोबरच होते. पण त्यावरून माणसाची गरज नाही असे ठरते, की फॉर्म भरणाऱ्या माणसाला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारणारा दुसरा माणूस हवा असे ठरते, यावर आमचे शेवटपर्यंत जमले नाही. त्या बाईंना मी फोन केला, पण तोवर त्या दुसरीकडे रुजू झाल्या होत्या.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ॲमेझॉनने २०१४ पासून रिझ्युमेंना गुण देणारे साधन बनवायला घेतले आणि त्याला आधीच्या दहा वर्षांतले अर्ज शिकवले. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे असल्याने साधन बायकांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागले. अखेर कंपनीने ते सोडून दिले, आणि हे सगळे २०१८ मध्ये रॉयटर्सच्या बातमीतून बाहेर आले. माझ्या प्रकरणात नियम मी लिहून दिला होता. तिथे तो कोणीही लिहिला नव्हता, जुन्या निवडींतून तो आपोआप तयार झाला होता, म्हणून सापडायला अधिक अवघड.

तुमच्या करिअरची जागा मला इथे दिसते. न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशी स्वयंचलित साधने वापरायची असतील तर त्यांची दरवर्षी स्वतंत्र पक्षपात-तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवारांना तसे कळवावे लागते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्याने भरतीची साधने अतिजोखमीच्या वर्गात घातली आहेत आणि त्यांच्यावर मानवी देखरेख सक्तीची केली आहे. म्हणजे अमुक अर्ज का बाद झाला, याचे उत्तर देणारा माणूस लागणार आहे. त्याला नियम वाचता आले पाहिजेत, व्हेंडरला अडचणीचे प्रश्न विचारता आले पाहिजेत, आणि खंडाच्या रकान्यामागे आजारी वडील असू शकतात हेही सुचले पाहिजे. हे तिसरे कोणत्या अभ्यासक्रमात शिकवतात, मला ठाऊक नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आमच्याकडची भरती मध्यम आकाराची आहे. जिथे एका वेळी हजारो माणसे घ्यायची असतात, तिथे हाताने वाचण्याचा माझा हट्ट टिकणार नाही. शिवाय प्रणाली येण्यापूर्वी काही अर्जांना "साहेबांचा माणूस" अशी चिठ्ठी लावलेली असे आणि ते आपोआप वर सरकत, हेही मी विसरू नये. त्या चिठ्ठ्या प्रणालीनेच बंद केल्या. वरिष्ठांना एवढे श्रेय द्यावेच लागते, जरी त्यांनी ते माझ्याकडून कधी ऐकले नाही.

मुलाखतीला जाल तेव्हा "नाकारलेले अर्ज तुमच्याकडे कोण पाहते?" एवढे मात्र विचारा. आमच्याकडे आता ते लेखी ठरलेले आहे: दर गुरुवारी त्या यादीतले कोणतेही वीस अर्ज, आणि खाली सही माझी.