तलावातला चिखल आणि समुद्र (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: नमस्कार. आम्ही गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, ढिवर (मासेमार) संस्थेचे मेंबर. आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर यंदा युनिव्हर्सिटीची पोरं आली, बाटल्यांत पाणी भरलं, लांब पाईप ठोकून चिखल काढला अन् गेली. इचारलं तर म्हणे समुद्रापर्यंतचा अभ्यास आहे. इथं समुद्र कुठं आला? याच्याआधी पण दोन टीम येऊन गेल्या, परत सांगाले कोणी आलं नाई. आता आलेल्यांना नाही म्हणावं का?

उत्तर: दादा, तुमचा राग बरोबर आहे, माझ्या गावच्या बोडीवर (लहान तळ्यावर) पण असंच झालं होतं. नमुने नेले, फोटो काढले, दोन वर्षं झाली एक कागद परत आला नाही. पण नाही म्हणू नका, आधी समुद्राचं काय ते सांगतो.

तुमच्या तलावाचं जास्तीचं पाणी नाल्यात जातं, नाल्यातून वैनगंगेत, पुढं चपराळ्याजवळ वर्धा नदी भेटते अन् तिची प्राणहिता होते, ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते अन् गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. प्राणहिता ही गोदावरीची सगळ्यात मोठी उपनदी, म्हणजे तिथं समुद्रात जे गोडं पाणी पोहोचतं त्यातलं बरंच आपल्याकडचं. हे गोडं पाणी हलकं असतं म्हणून खाऱ्या पाण्याच्या वर थर करून राहतं आणि खालचं-वरचं पाणी नीट मिसळत नाही, उपसागराचा हा स्वभाव समुद्रावर काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं मोजलेला आहे. शेतातला युरिया-डीएपी वाहून गेला तर तोही याच रस्त्यानं जातो. अन् गाळाचं तर उलटंच झालंय. विशाखापट्टणमच्या आंध्र विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की धरणांमध्ये गाळ अडल्यामुळं गोदावरीच्या मुखाशी येणारा गाळ १९७० च्या दशकाच्या मानानं अर्ध्याहून कमी झाला, आणि तिथला किनारा समुद्र खातोय. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची भिंत आपल्या डोळ्यासमोर आहे, तिचा संबंध काकीनाड्याकडच्या कोळ्याशी आहे हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही.

आता चिखल काहून नेतात. तलावात गाळ थरावर थर बसतो, खालचा जुना, वरचा नवा, म्हणून पाईप उभा ठोकतात म्हणजे थर मोडत नाहीत. त्यात शिशाचा एक प्रकार असतो जो साधारण २२ वर्षांत अर्धा होतो, तो मोजून कोणता थर कधीचा ते काढतात, शंभर-सव्वाशे वर्षं मागं जाता येतं. मग कळतं की खत कधी वाढलं, झाडोरा कधी गेला, तलाव किती वेगानं भरतोय. आपले तलाव दोन-तीनशे वर्षांपूर्वी कोहळी लोकांनी बांधले, त्यांची बरीचशी वही त्या चिखलातच आहे. म्हणून तो नेणं मला गैर वाटत नाही. वाचून परत सांगत नाहीत, ते गैर आहे.

आणि संशोधनानं तुमच्या पोटाला काय दिलं म्हणाल तर मोठं उदाहरण आहे. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, पूर्वी नदीतून बीज धरून आणावं लागायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी इंजेक्शन देऊन या माशांकडून अंडी काढली, तेव्हापासून हॅचरीचं बीज मिळायला लागलं. तुम्ही सोडता तो मोठा झिंगा पण तसाच, त्याची पिल्लं थोड्या खाऱ्या पाण्यातच जगतात, म्हणून कितीही वर्षं ठेवा तुमच्या तलावात तो वाढेल पण वंश वाढणार नाही, बीज विकतच घ्यावं लागेल.

तर पुढच्या टीमला चहा पाजा अन् लिहून घ्या: कोणतं डिपार्टमेंट, गाईड कोण, काय मोजणार, कधी परत येणार. विद्यापीठाच्या पत्राशिवाय डोंगा (होडी) द्यायचा नाही. निकाल संस्थेच्या मिटिंगमध्ये मराठीत सांगायचा ही अट ठेवा. आणि एक काम त्यांच्याकडून करूनच घ्या, उन्हाळ्यात पहाटे पाण्यातला ऑक्सिजन मोजून मागा. लिटरमागं ५ मिलिग्रॅम असेल तर मासा खूष, ३ च्या खाली गेला की पहाटे वर येऊन तोंड वासतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. बेशरमाची झुडपं कुठं वाढली, देवधान (रानभात) कुठून गेलं, कोणता मासा कोणत्या सालापासून दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. ते फुकट सांगून मोकळे होऊ नका, आधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या नोंदवहीत तुमच्या नावांनी लिहून घ्या. कायदा २००२ चा आहे, वही तुमच्या गावची.

प्रश्न: मी आरमोरीची, बीएस्सी सेकंड इयर, झूलॉजी. मला समुद्रावर शिकायचं आहे पण घरचे म्हणतात गडचिरोलीच्या पोरीनं समुद्राचं काय करायचं. कुठं जाऊ?

उत्तर: पोरी, घरच्यांना वरचं उत्तर वाचून दाखव. एमएस्सीसाठी गोवा विद्यापीठ बघ, कोचीचं कुसाट (तिथलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ) बघ, आंध्र विद्यापीठ बघ, प्रवेश परीक्षेच्या तारखा आत्तापासून पाहत राहा. समुद्र नको पण मासे चालतील असं कोणी धाकटं भावंड म्हणत असेल तर नागपूरलाच माफसूचं (पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं) मत्स्यविज्ञान कॉलेज आहे, बारावीनंतर. विदर्भात पाण्यावरचा अभ्यास होत नाही असं मनात आणू नको, जून २०२० मध्ये लोणार गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं ते मीठ-आवडत्या सूक्ष्मजीवांमुळं झाल्याचं सांगितलं आणि त्याच वर्षी लोणार रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) गेलं.

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला आपल्याच गावचा तलाव घे. दर पंधरा दिवसांनी, एकाच जागी, एकाच वेळी पाणी मोज आणि ढिवर काकांना सोबत घे, जाळं टाकताना ते जे बोलतात ते पण वहीत लिही. ऑक्सिजन मोजायचा असेल तर सूर्य उगवायच्या आधी पोहोच, ऊन आलं की आकडा चढतो.