सायकलींसह परतीचा प्रवास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही पुण्यातील चौघे मित्र येत्या सप्टेंबरमध्ये जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील व्हिएन्नापर्यंत डॅन्यूब नदीच्या काठाने सायकलींवरून जाणार आहोत. सायकली आमच्याच नेणार आहोत. जाण्याची तयारी पूर्ण झाली आहे, काळजी आहे ती परतीची. दोघांचे म्हणणे असे की, दुपारी व्हिएन्नात पोहोचून त्याच रात्रीचे विमान पकडावे. एका मित्राला स्वस्त पडते म्हणून वेगळ्या तिकिटांवर यायचे आहे. आम्ही परतीचे नियोजन कसे करावे?
एक वाचक, पुणे

उत्तर : त्याच रात्री निघण्याचा बेत आपण कृपया सोडून द्यावा. पासाऊ ते व्हिएन्ना हे अंतर सुमारे 320 किलोमीटर आहे आणि नदीकाठचा मार्ग बहुतांशी सपाट असला, तरी दिवसभर पाऊस लागला किंवा एखादा स्पोक तुटला की शेवटच्या टप्प्याचे वेळापत्रक कोलमडते. मग दमलेली माणसे घाईघाईने सायकली सोडवायला बसतात आणि सायकलींचे खरे नुकसान त्या तासाभरात होते. व्हिएन्नात एक पूर्ण दिवस केवळ सायकली सोडवून खोक्यांत बांधण्यासाठी राखावा आणि ते काम चौघांनी मिळून करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रवास एकेरी असल्याने जाताना वापरलेली खोकी आपल्याला सोबत नेता येणार नाहीत. सायकलींच्या दुकानांत नव्या सायकलींची रिकामी पुठ्ठ्याची खोकी असतात, पण ती फार काळ साठवून ठेवली जात नाहीत. त्यामुळे पुण्याहून निघण्यापूर्वीच व्हिएन्नातील एखाद्या दुकानाला ईमेल पाठवून चार खोकी बाजूला ठेवण्याची विनंती करावी. चिकटपट्टी मात्र भरपूर आणि चांगल्या प्रतीची घ्यावी.

बांधताना पेडलपाशी हमखास अडते, कारण डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना पेडलपासून वर उभा धरून मागच्या चाकाच्या दिशेने ढकलला की दोन्ही बाजूंची पेडल सैल होतात, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते. मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) ज्या पातळ हँगरवर, म्हणजे फ्रेमला जोडलेल्या धातूच्या पट्टीवर बसतो, तो हँगर फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम मऊ ठेवलेला असतो आणि खोके त्या अंगावर आपटले की तोच आधी वाकतो; म्हणून डिरेलर सोडवून, जुन्या कपड्यात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधावा. डिस्क ब्रेक असतील तर चाक काढल्यावर ब्रेकच्या दोन पॅडमधल्या फटीत जाड पुठ्ठ्याची घडी बसवावी, नाहीतर वाटेत लिव्हर दाबला जाऊन पॅड एकमेकांना चिकटतात. फोर्कची (पुढचे चाक धरणाऱ्या दुपेडी भागाची) दोन टोके चेपू नयेत यासाठी त्यांच्यामध्ये घालायचा प्लास्टिकचा तुकडा खोक्यांसोबत दुकानातूनच मागून घ्यावा.

पाने आणि इतर अवजारांचा संच खोक्यात जाऊ द्यावा, पॉवर बँक मात्र नेहमी हातातल्या सामानात असावी. हवा भरण्याच्या छोट्या कार्बन डायऑक्साइड नळ्या विमान कंपनीच्या परवानगीवाचून नेता येत नाहीत, तेव्हा उरलेल्या नळ्या तिथेच कोणाला तरी देऊन टाकलेल्या बऱ्या. खोक्याचे वजन घरगुती काट्यावर आधी पाहावे. अनेक कंपन्यांची मर्यादा 23 किलो असते आणि 32 किलोंच्या वरचा एकच नग सहसा घेतलाच जात नाही. सायकल नेणार असल्याची नोंद तिकिटासोबतच करावी.

आता वेगळ्या तिकिटांविषयी. मधल्या विमानतळावर विमान बदलताना दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील, तर खोके सहसा थेट मुंबईपर्यंत जाते. दोन स्वतंत्र तिकिटे असतील, तर बऱ्याचदा ते मध्येच ताब्यात घेऊन पुन्हा जमा करावे लागते आणि त्यासाठी त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. शिवाय माणूस एकटा असला की एवढे मोठे खोके कोणाच्या भरवशावर सोडून स्वच्छतागृहातही जाता येत नाही. आपल्या मित्राला हे सारे मोकळेपणाने सांगावे. वाचणारी रक्कम मोठी असेल, तर तिकिटाच्या फरकाचा काही भाग तिघांनी उचलावा, पण एकत्रच यावे. आठवडाभर पाय ताणल्यानंतर रात्रभर एका जागी बसणेही शरीराला जड जाते. कोणाची एकच पोटरी सुजली किंवा दुखू लागली, तर विमानात बसण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे आणि ही गोष्ट स्वतःपेक्षा सोबत्याच्या आधी लक्षात येते.

सायकल महागडी असेल, तर जाताना मुंबई विमानतळावर सामान जमा करण्यापूर्वी कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. पेडलच्या आसाखाली फ्रेमवर कोरलेला क्रमांक त्यात नोंदवून घेतला, म्हणजे परतताना ही सायकल परदेशात विकत घेतलेली नाही हे सिद्ध करण्याचा प्रश्न उरत नाही. खरेदीचे बिलही जवळ असावे.

मुंबईत खोके हाती येताच त्याच्या चारही बाजू पाहाव्यात. फाटलेले किंवा दबलेले दिसले, तर छायाचित्रे काढून विमानतळ सोडण्यापूर्वीच लेखी नोंद करावी. विमान कंपन्यांची सामानाबाबतची जबाबदारी ठरवणाऱ्या 1999 च्या माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार नुकसानीची तक्रार सामान मिळाल्यापासून 7 दिवसांत लेखी द्यावी लागते, तर सामान उशिरा मिळाल्यास ही मुदत 21 दिवसांची आहे. त्यामुळे पुण्यात आल्यावर खोकी माळ्यावर टाकू नयेत, एक-दोन दिवसांत उघडून सायकली जोडून पाहाव्यात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे आणि लांबच्या प्रवासानंतर जुन्या महामार्गाने घाट चढण्याचे धाडसही कोणी करू नये. चार खोकी नेहमीच्या टॅक्सीत मावत नाहीत, तेव्हा मागची आसने काढता येतील अशी मोठी गाडी खोक्यांची मापे सांगून आधीच ठरवून ठेवावी. चौघे एकाच विमानाने आलात, तर तिचे भाडेही चौघांत वाटले जाईल.