सोसायटीतल्या भटक्या मांजरीच्या पिल्लाच्या उलटीत जिवंत जंत निघाले. ते अजून आईचं दूध पितं, पोट टम्म आहे आणि पाठीचा कणा हाताला लागतो. काय करू? घरात तीन वर्षांची मुलगी आहे.

आमच्या बिल्डिंगखालच्या मांजरांचं खाणंपिणं, औषधपाणी मीच बघते, म्हणून लिहिते. बोटभर लांब, पांढरट, दोन्ही टोकांना निमुळते आणि शिजलेल्या शेवईसारखे वेटोळे घातलेले असतील, तर ते गोलकृमी, टॉक्सोकारा कॅटी. पोट टम्म आणि पाठीचा कणा हाताला लागतो असं तुम्ही लिहिलंय, तेही जुळतं.

अजून आईला पिणाऱ्या पिल्लाला जंत कुठून, तर त्या दुधातूनच. मांजरीच्या अंगात अळ्या दबा धरून असतात आणि व्यायल्यावर दुधात उतरतात. पुढे उंदीर, झुरळं खाऊनही होतातच.

म्हणून एका डोसवर भागत नाही. पायरँटेल हे जंतांचं औषध आतड्यातले जंत पाडतं, अंगात फिरणाऱ्या अळ्यांना हात लावत नाही. शिवाय दूध चालूच! पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की सुरुवात करायची, मग दर पंधरा दिवसांनी, दूध सुटल्यावरही एकदा. आईलाही सोबत द्या, नाहीतर मेहनत पाण्यात.

डोस वजनावर असतो. पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात बसवून मोजा, आकडा डॉक्टरांना फोनवर सांगा. देताना जुन्या टॉवेलात गुंडाळा, सिरिंज गालाच्या कोपऱ्यातून, थेंब थेंब. सरळ घशात सोडलं तर ठसका लागतो. दुसऱ्या दिवशी शीमधून जंत पडतील, घाबरू नका. पण उलट्या थांबत नसतील, पिल्लू मलूल असेल तर थेट दवाखाना. आणि १० फेब्रुवारीला शाळेत मुलांना देतात ती जंतांची, अल्बेंडाझोलची गोळी अर्धी करून देऊ नका. मांजरांच्या अस्थिमज्जेवर तिचा वाईट परिणाम होऊ शकतो.

मुलीचं म्हणाल तर पिल्लाला कुरवाळल्याने सहसा काही होत नाही, नंतर हात धुवा म्हणजे झालं. ताज्या शीतली जंतांची अंडी लगेच लागण करत नाहीत, त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. धोका जुन्या मातीत आहे. तिथे ती वर्षानुवर्षं टिकतात, फिनाईलला दाद देत नाहीत. मातीचा हात तोंडात गेला तर अळ्या मुलांच्या यकृतात, क्वचित डोळ्यात जातात. तेव्हा शी रोजच्या रोज उचला, आणि खाली बांधकामाची वाळू पडली असेल तर मांजरं तिथे शी करू नयेत म्हणून तिच्यावर ताडपत्री घालायला लावा. कंत्राटदार कुरकुरेल, कुरकुरू दे.