अंजिराला बाजरीचा दर

प्रश्न : आमचं मूळ गाव पुरंदर तालुक्यात. लग्नानंतर मी कोथरूडला आले, शेती धाकटा भाऊ बघतो. सातबाऱ्यावर नावं दोघांची आहेत. ३० गुंठे अंजीर आहे. अतिवृष्टीनंतर तांबेऱ्यानं बाग पार बोडकी झाली, पंचनामाही झाला. परवा भावाच्या खात्यात २,५५० रुपये आले. तो म्हणतो, "सरकारनं दिलंय, मोजत काय बसायचं!" मी कार्यालयात मदतीची यादी मागितली तर "यादी बाहेर देत नाही" असं सांगितलं. खरंच देता येत नाही का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मोजायचंच. ३० गुंठे म्हणजे ०.३० हेक्टर. २,५५० ला त्यानं भागा, बरोबर ८,५०० येतात. हा जिरायती, म्हणजे पावसावरच्या पिकाचा सरकारी मदतीचा हेक्टरी दर. बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५००. अंजीर बहुवार्षिकात धरलं, तर तुमचे ६,७५० होतात. म्हणजे क्षेत्र बरोबर लागलंय, पीक चुकलंय. यादीत तुमच्या जमिनीच्या गट नंबरासमोर बहुधा बाजरी नाहीतर घेवडा पडलाय.

(जानेवारी २०२४ मध्ये राज्यानं हेच दर १३,६००, २७,००० आणि ३६,००० केले होते, मे २०२५ मध्ये ते पुन्हा खाली आणले. त्यामुळे शेजाऱ्याच्या जुन्या रकमेशी तुलना करू नका.)

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे ही चूक कशी होते ते आतून माहीत आहे. एका गारपिटीत ४० आरच्या (म्हणजे साधारण ४० गुंठ्यांच्या) जागी मी ४ लिहिलं होतं. यादी चावडीवर लावली आणि एका आजीच्या नातवानं ती मोठ्यानं वाचली, म्हणून सापडलं. सगळ्यांदेखत कान धरायची वेळ आली, पण आजीचे पैसे वाचले. यादी कपाटात राहिली असती तर मलाही कधी कळलं नसतं. शिवाय चूक ही साधी बाब झाली. जालना जिल्ह्यात अंबड-घनसावंगीकडे बोगस नावांवर अनुदान उचलल्याचं उघड झालं, तलाठी निलंबित झाले.

तेव्हा "यादी देत नाही" हे उत्तर चालत नाही. निधी वाटपाच्या शासन निर्णयांतच लिहिलेलं असतं की लाभार्थ्यांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं न मागताच जाहीर करायचा असतो. आधार आणि खाते क्रमांक कुणी देणार नाही. तुम्हाला ते लागतही नाहीत.

आधी सातबाऱ्याचा नमुना बारा काढा. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरच्या पीक नोंदणीत, भावानं अंजीर नोंदवलंय का ते तिथंच दिसेल. नोंदवलंच नसेल, तर भांडण जरा अवघड आहे. नोंद असेल तर सासवडला तहसील कार्यालयात, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करा. "मदत कमी का मिळाली?" असं विचारू नका, त्यावर गोल उत्तर येतं. कागद मागा : आमच्या गटाच्या पंचनाम्याची प्रत, आणि यादीतली आमची ओळ, त्यात पीक, क्षेत्र, दर. अर्ज १५० शब्दांत बसवा, मुदत ३० दिवसांची. कागद हातात आला की तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज.

आणखी एक, जरा नाजूक. सातबाऱ्यावर तुमच्यासारखी सामाईक नावं असताना पैसे एकाच्याच बँक खात्यात जायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. त्यावर तुम्ही सही केली होती का? आठवत नसेल, तर अर्ज टाकण्याआधी भावाला फोन करा. त्यानं घाईत तुमच्या वतीनं उरकलं असेल, तर ते तहसीलच्या टेबलावर निघण्याऐवजी घरात निघालेलं बरं.