‘मर्यादित सरकार’ : मर्यादित काय, आणि ‘स्व’ कोणाचा?

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. ते राज्यशास्त्रावरच्या एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करत आहेत. ‘लिमिटेड गव्हर्नमेंट’ला त्यांनी ‘मर्यादित सरकार’ लिहिलं, पण वाचताना ते पतसंस्थेचं नाव असल्यासारखं वाटतं, असं ते म्हणतात. शिवाय ‘लिबर्टी’साठी स्वातंत्र्य, मोकळीक, मुभा यांपैकी काहीही चालेल का, असंही त्यांनी विचारलं आहे.

पतसंस्था आठवली हे बरोबरच झालं. पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या फाटकावर पाटी असते : ‘अमुक सहकारी गृहरचना संस्था मर्यादित’. तिथे मर्यादित आहे ती सभासदांची जबाबदारी. संस्थेवर देणं झालं तरी वसुली सभासदाच्या घरातल्या भांड्याकुंड्यांपर्यंत पोचत नाही, एवढंच ती पाटी सांगते. संस्थेने काय करावं आणि काय करू नये, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. ‘लिमिटेड गव्हर्नमेंट’मध्ये मात्र मर्यादा पडते ती अधिकारावर. सरकारला अमुक करता येणार नाही, हे आधीच लिहून ठेवलेलं असतं. म्हणून नुसतं ‘मर्यादित सरकार’ लिहिलं की मराठी वाचक अडखळतो. ‘मर्यादित अधिकारांचं सरकार’ लिहा. एक शब्द वाढतो, पण काय मर्यादित आहे ते कळतं. ‘किमान सरकार’ किंवा ‘लहान सरकार’ मात्र नको. खाती कमी आणि नोकर कमी असलेलं सरकारही जुलमी असू शकतं.

हा गाळलेला शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या रोजच्या बोलण्यातही तो गाळलेलाच असतो. ‘सरकारने आमच्यात लुडबूड करू नये’ आणि ‘सरकार काय झोपलंय का?’ ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडून, एकाच चहाच्या कपावर मी ऐकली आहेत. आपल्याला सत्ता मर्यादित हवी असते आणि जबाबदारी अमर्याद. शब्दांचा इतिहासही त्याला साथ देतो. ‘सरकार’ हा फारसी शब्द, सर म्हणजे डोकं आणि कार म्हणजे काम, कारभाराचा प्रमुख. संस्थानिकांना ‘सरकार’ म्हणून हाक मारत, आणि अर्ज-विनंतीत ‘मायबाप सरकार’ येतं. आईबापांच्या जबाबदारीला सीमा नसते, पण त्यांच्या अधिकारालाही नसते. ‘शासन’ तर आणखी पुढचं. ‘शास्’ या धातूत आज्ञा करणं, शिकवणं आणि शिक्षा करणं हे सगळं आहे. शिष्य आणि शास्त्र त्याच कुळातले. ‘गुन्हेगाराला कडक शासन झालं पाहिजे’ आणि ‘शासन निर्णय’ ही दोन्ही आजची मराठी आहे.

आता दुसरा प्रश्न. हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, आणि फरक क्रियापदावरून पकडता येतो. ‘मुभा’ अरबी ‘मुबाह’वरून आला. इस्लामी धर्मशास्त्रात मुबाह म्हणजे ना बंधनकारक ना निषिद्ध असं कृत्य, ज्याबद्दल कुणी काही विचारत नाही. मराठीत येताना त्याला देणारा चिकटला. मुभा ‘दिली’ जाते, म्हणून ती काढूनही घेता येते. मोकळीक तशीच, फक्त जरा मायेची. घरातला मोठा माणूस लहानांना मोकळीक देतो. ‘स्वतंत्र’ची फोड मात्र स्व आणि तंत्र अशी आहे : स्वतःच्या तंत्राने चालणारा. त्यात देणारा नाहीच. ‘आम्ही सुनेला पूर्ण स्वातंत्र्य दिलंय’ हे वाक्य प्रेमाने बोललं जातं, याबद्दल मला शंका नाही. पण जे दिलं आहे ती मुभा आहे. स्वातंत्र्य तिच्याकडे आधीच होतं, असं म्हणणारं वाक्य वेगळं असतं. ‘लिबर्टी’साठी म्हणून स्वातंत्र्यच घ्या, आणि लेखात जिथे राजाने किंवा सरकारने काही करू दिलं असेल तिथे मुभा.

पुण्यात याच्याच जोडीने एक चौथा शब्द ऐकू येतो : सक्ती. फारसी ‘सख्त’ म्हणजे कठीण, कडक. ‘सक्तमजुरी’त तोच आहे. दुचाकीवर हेल्मेट हवं, हे 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या 129व्या कलमात आहे. पण 2019च्या जानेवारीत पोलिसांनी कडक अंमलबजावणी सुरू केली तेव्हा शहराने तिला ‘हेल्मेटसक्ती’ म्हटलं आणि आंदोलनं झाली. त्याच शहरात उलट्या दिशेने येणाऱ्या रिक्षावाल्याबद्दल मागणी असते ती ‘शिस्त लावा’ अशी. कायदा तोच, पोलीस तेच. माझ्यावर आला की सक्ती, दुसऱ्यावर गेला की शिस्त. आमच्या सोसायटीच्या एका सभेत महापालिकेच्या ढवळाढवळीविरुद्ध पत्र पाठवायचं ठरलं, आणि पुढच्याच विषयात अविवाहित मुलांना फ्लॅट भाड्याने द्यायचा नाही असा ठराव आला. मी विरोधात हात वर केला. ज्याचा फ्लॅट त्याने भाडेकरू निवडावा, एवढंच माझं म्हणणं होतं. ठराव मंजूर झाला, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटतं.

या विसंगतीचं सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र याच शहरातलं, 1891 सालचं. संमतिवयाचं बिल. शरीरसंबंधासाठी, म्हणजे लग्नानंतरच्याही, मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा करणारा तो कायदा मार्चमध्ये मंजूर झाला. टिळकांचा विरोध होता : सुधारणा लोकांच्या शिक्षणातून यावी, परक्या सरकारने आपल्या घरात कायदा घेऊन शिरू नये. आगरकरांनी कायद्याला पाठिंबा दिला. आगरकर मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांना वाचून घडलेले. स्पेन्सर तर सरकारने जवळजवळ कशातच पडू नये, अशा मताचा. मग व्यक्तिस्वातंत्र्याचा एवढा कैवारी सरकारला घरात बोलावतो आणि परकी सत्ता हटवू पाहणारे त्या घराचं दार लावून धरतात, हे कसं?

माझ्या मते उत्तर ‘स्व’ या एका अक्षरात आहे. टिळकांच्या बाजूने ‘स्व’ म्हणजे समाज, आणि त्यावरची सत्ता परकी. तेव्हा ती जितकी आत येईल तितकं पारतंत्र्य वाढणार. हा युक्तिवाद उथळ नाही. परक्या सरकारला एकदा आत घेतलं की ते कुठे थांबेल, ही भीती खरीच होती. आगरकरांचा ‘स्व’ मात्र ती दहा वर्षांची मुलगी होती. तिच्यावर सत्ता चालत होती ती नवऱ्याची, सासरची, रूढीची. सरकार बाहेर राहिल्याने ती सत्ता मर्यादित होत नव्हती. मी या वादात आगरकरांच्या बाजूचा आहे, आणि ते लपवावंसं वाटत नाही.

वाचकांनी लेखातलं एक वाक्यही पाठवलं आहे. त्यांचं भाषांतर : ‘व्यक्तीला स्वातंत्र्य द्यायचं तर सरकार मर्यादित हवं.’ मी असं करीन : ‘व्यक्तीचं स्वातंत्र्य राखायचं तर सरकारच्या अधिकारांना मर्यादा हवी.’ ‘द्यायचं’ गेलं, ‘राखायचं’ आलं. ‘व्यक्तीला’चं ‘व्यक्तीचं’ झालं, म्हणजे ‘स्व’ कोणाचा तेही वाक्यात आलं.